‘मोबाईल ठेवा, स्वस्तातला मिररलेस घ्या’ या सल्ल्याबद्दल

रानवाटा
कालच्या धाग्यावर एकाने सल्ला दिलाय: "व्हिडिओ शिकायचाय ना? मोबाईल बाजूला ठेवा. ६०-७० हजारांत किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी साधी लेन्स) मिररलेस (लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा) येतो, पहिल्याच दिवशी फरक दिसेल." खाली +१ची रांग लागली. फरक चांगला दिसेल की वाईट, हे कुणीच विचारलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोनी झेडव्ही-ई१० सोबत १६-५० लेन्स येते, पूर्ण झूम केल्यावर एफ५.६ (एफचा आकडा मोठा म्हणजे आत येणारा उजेड कमी). कॅनन आर५० सोबतची १८-४५ तर एफ६.३ वर जाते. घरात एका ट्यूबलाइटखाली १/५० शटर (एका फ्रेमवर उजेड पडण्याची वेळ, सेकंदात) ठेवलं की आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) ३२०० च्या खाली येत नाही. भिंतीच्या सावलीत दाणे दिसायला लागतात. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असला तरी लेन्स एफ१.८ ची असते आणि आत सॉफ्टवेअर नॉइज पुसत असतं. नवशिक्याला त्या संध्याकाळी मोबाईलचंच फुटेज स्वच्छ वाटणार.

दुसरं, दोन्ही बॉडींत (लेन्सशिवायचा कॅमेरा) सेन्सर स्टॅबिलायझेशन, म्हणजे सेन्सर हलवून हादरे शोषण्याची सोय, नाही. लेन्समधलं आहे, ते उभं राहून शूट करायला पुरतं. चालत बोलायचं म्हटलं की डिजिटल मोड लावावा लागतो, त्यात कडा छाटल्या जातात आणि हात लांब केला तरी चेहऱ्यानेच फ्रेम भरते. तिसरं, सगळं बजेट बॉडीत गेल्यावर माईक आणि लाइटला काय उरतं?

भटक्या
पूर्ण असहमत. तक्रार किट लेन्सची आहे आणि फाशी बॉडीला देताय. सिग्माची ३० मिमी एफ१.४ लावा. एफ५.६ वरून एफ१.४ म्हणजे चार स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट). तुमचा ३२०० आयएसओ २०० वर येतो. मोबाईलला हा रस्ताच नाही, जी लेन्स चिकटवलीय तीच जन्मभर.

शिकण्याचं म्हणाल तर मोबाईलच्या मूळ ॲपमध्ये शिकणार काय? क्लिप चालू असताना खिडकीसमोरून कुणी गेलं की एक्सपोजर हलतं, पिवळ्या भिंतीकडे वळलं की व्हाइट बॅलन्स बदलतो, कातडी रंगवून गुळगुळीत होते. एडिटिंगला बसल्यावर दोन क्लिप जुळत नाहीत. आर५० मध्ये ४के पूर्ण रुंदीचं, ६के वरून उतरवलेलं मिळतं, आणि मॅन्युअलवर ठेवलं की शेवटपर्यंत तेच राहतं.

रानवाटा
मॅन्युअल ॲप मोबाईललाही मिळतं. आणि सिग्मा लेन्स त्या ६०-७० हजारांत धरली होती का? नाही ना? मग माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.

खमंग
भांडण चालू द्या, पण मला एक सांगा. रेसिपीचे व्हिडिओ करायचेत. ओळखीतल्यांच्या मिररलेसवर कढईवर उभे काळे-पांढरे… नाही, आडवे पट्टे सरकताना दिसतात. ओट्यावर साधा एलईडी बल्ब आहे. कुठल्या मॉडेलमध्ये हे होत नाही?

टिपणकार
मॉडेलचा दोष नाही, खमंगताई. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. कॅमेरा एनटीएससी (अमेरिकन व्हिडिओ पद्धत) ३० फ्रेमवर असतो, शटर १/६० वर. जुळत नाही, पट्टे येतात. मेनूत पाल (आपल्याकडची पद्धत) निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. भारतात ३० फ्रेमवर शूट करणं ही मूळ चूक आहे, आणि यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून सगळे तीच करतात. सोनीत पाल-एनटीएससी बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, आधी फुटेज उतरवून घ्या.

रानवाटा
अर्धं बरोबर, अर्धं चूक. पट्टे फ्रेम रेटमुळे येत नाहीत, शटरमुळे येतात. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. प्रत्येक ओळीला बल्बची पूर्ण आवर्तनं मिळाली की सगळ्या ओळींवर सारखाच उजेड पडतो. १/१०० मध्ये एक आवर्तन, १/५० मध्ये दोन. म्हणून ३० फ्रेमवरही १/५० ठेवलंत तर पट्टा येत नाही. लोकांना उगाच कार्ड पुसायला लावू नका.

टिपणकार
"उगाच"? ३० फ्रेमला १८० अंशाचा नियम (शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा) १/६० मागतो. नवशिक्याला एक नियम शिकवायचा आणि लगेच मोडायला सांगायचा?

रानवाटा
१/५० आणि १/६० मधला मोशन ब्लरचा फरक कढईतल्या फोडणीत कुणाला दिसणार आहे? पट्टा मात्र सगळ्यांना दिसतो. नियम पाठ करण्यापेक्षा तो कशासाठी आहे ते बघा.

टिपणकार
पाठ करण्याची भाषा माझ्याशी नको. स्लो मोशनचं बोला. एनटीएससीत १२० फ्रेम लावलेत की शटर १/१२० पेक्षा हळू होऊच शकत नाही, आणि या बल्बखाली लुकलुक येणारच. पालमध्ये १०० फ्रेम, शटर १/१००, एक पूर्ण आवर्तन, स्वच्छ फुटेज. तुमच्या ‘फक्त शटर’ मध्ये याला उत्तर आहे?

रानवाटा
नाही. घरच्या बल्बखाली स्लो मोशन करायचं तर पाल हवं, हे मान्य. साध्या फ्रेम रेटबद्दल माझं म्हणणं तेच राहील.

भटक्या
दोघांनीही खमंगताईंना सोपी गोष्ट सांगितली नाही. मोबाईलचा स्लो मोशन चालू करून बल्बवर धरा. लुकलुकला तर बल्ब बदला. ड्रायव्हर (आतलं वीज नियंत्रित करणारं सर्किट) चांगला असलेला बल्ब १/२०० वरही स्थिर दिसतो. कॅमेरा बदलण्यापेक्षा स्वस्त.

ध्वनिलहर
इतके प्रतिसाद झाले आणि आवाजावर एक ओळ नाही. मराठी चॅनेल बंद पडतात ते पट्ट्यांमुळे नाही, बोललेलं ऐकू येत नाही म्हणून. दाणेदार चित्र लोक बघतात, घुमणारा आवाज दहा सेकंदांत बंद करतात.

या बॉडींचा माईक प्रीअँप (माईकचा सिग्नल वाढवणारा भाग) गोंगाट करतो. कॅमेऱ्याची लेव्हल ऑटोवर असेल तर तुम्ही थांबलात की ती स्वतः वर चढते आणि पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी पुढे येते. ऑटो बंद करा, कॅमेऱ्याची लेव्हल अगदी खाली आणा आणि वायरलेस माईकच्या रिसीव्हरचा (कॅमेऱ्याला जोडलेला भाग) आउटपुट वाढवा. मोठ्यात मोठं बोलणं उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, साधारण उणे १२ वर राहू द्या. ढोल-ताशा असेल तर कॅमेऱ्यातलं मीटर लाल होण्याआधीच ट्रान्समीटरवर (बोलणाऱ्याकडचा भाग) आवाज फाटलेला असतो, तिथला गेन आधी कमी करा.

आणि केबल बघा. मोबाईलच्या कॉलर माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. तीनवाली सरळ लावली की कधी आवाजच येत नाही, कधी खूप बारीक येतो, आणि लोक माईक खराब म्हणून परत करतात. ॲडाप्टर लावला की तोच माईक चालतो.

यात बॉडीचाही प्रश्न आहेच. झेडव्ही-ई१० ला हेडफोन जॅक आहे. आर५० ला नाही, निकॉन झेड३० लाही नाही. रेकॉर्डिंग चालू असताना काय ऐकू जातंय ते कळायला मार्गच नाही.

भटक्या
हेडफोन जॅकवरून बॉडी निवडायची? हल्लीच्या बऱ्याच वायरलेस सेटच्या रिसीव्हरवरच हेडफोनची सोय असते.

ध्वनिलहर
रिसीव्हरवर रिसीव्हरचा आवाज ऐकू येतो. रिसीव्हर ते कॅमेरा केबल अर्धवट निघाली असेल तर तिथे सगळं उत्तम ऐकू येईल आणि कार्डवर शांतता असेल.

भटक्या
बरं, हा मुद्दा पटला. पण झेडव्ही-ई१० चा रोलिंग शटरही (सेन्सर ओळीओळीने वाचल्याने येणारा दोष) सांगा की. ४के मध्ये कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके होतात. हेडफोनच्या नादात तेही पदरात पडतं.

टिपणकार
ऊन राहिलंच. दुपारी एफ२.८, १/५०, आयएसओ १०० ठेवायचं तर सहा स्टॉप कापावे लागतात, म्हणजे एनडी६४ (उजेड ६४ पट कमी करणारी काळी काच). सोनीतला एस-लॉग३ (नंतर रंग देण्यासाठीचा फिकट व्हिडिओ मोड) लावलात तर किमान आयएसओ ५००, आणखी दोनहून जास्त स्टॉप. ८ बिट (रंगछटा कमी असलेल्या) फुटेजमध्ये नवशिक्याने लॉग लावूच नये, आकाशात पायऱ्या दिसतात. एनडी घेताना सोनीच्या किट लेन्सच्या ४०.५ मिमी तोंडाचा घेऊ नका. ६७ मिमीचा घ्या आणि स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, पुढच्या लेन्सलाही तोच चालेल. स्वस्त व्हेरिएबल एनडी (फिरवून काळेपणा बदलणारा) शेवटपर्यंत फिरवला की रुंद लेन्सवर मधोमध काळी फुली येते.

खमंग
बल्ब तपासला, लुकलुकतो. तो बदलते. आता एकच शंका. देवळात दोन तासांचं कीर्तनही टिपायचं असतं, त्याला यातला कुठला?

रानवाटा
आर५० नको, सलग एक तासाने रेकॉर्डिंग थांबतं. झेड३० फुल एचडीत दोन तास पाच मिनिटांनी थांबतो, तुमचं जेमतेम निभेल. झेडव्ही-ई१० वर अशी वेळमर्यादा नाही, पण मेनूतलं ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ ‘हाय’ करा, नाहीतर तापून मधेच बंद होईल. मागचा स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा आणि पॉवर बँक टाइप-सीला जोडा.

टिपणकार
कार्डही बघा. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी लागतात, दोन तासांचे ९०. १२८ जीबीचं व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड घ्या.

ध्वनिलहर
आणि बुवांच्या गळ्यात वेगळा रेकॉर्डर अडकवा. देवळाच्या स्पीकरसमोरचा कॅमेरा माईक कामाचा नाही.