मार्क ट्वेनची 'कनेक्टिकट यँकी': प्रत कुठली घ्यावी, गटात कशी वाचावी?

पानखूण:
वाचनगटासाठी मार्क ट्वेनची 'अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' (१८८९) घ्यायचा विचार आहे. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन हँक मॉर्गन आर्थर राजाच्या काळात जाऊन पडतो, त्याची ही गोष्ट. बैठका चार. फुकट मिळणारी ई-प्रत पुरेल का? त्याच्यासोबत फिरणाऱ्या सँडीची जुन्या इंग्रजीतली लांबण गाळली तर काय बिघडेल? आणि निम्मं पुस्तक धमाल विनोदी असताना शेवटी एवढा रक्तपात कशाला? लेखकाचा तोल गेला म्हणायचा का? शेवट उघड केलात तरी हरकत नाही.

जुनंकपाट:
ई-प्रत पुरेल, पण चित्रांसकट उतरवा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ८६ क्रमांकाला आहे. नुसत्या मजकुराची फाईल घेतलीत तर डॅन बिअर्डची चित्रं जातील आणि निम्मी टवाळी त्यांच्यातच आहे. दरबारातला जादूगार मर्लिनला त्याने चक्क राजकवी टेनिसनचा चेहरा दिलाय, गुलामांना हाकणाऱ्याला रेल्वेवाल्या धनाढ्य जे गूल्डचा. छापील हवी असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसची घ्या, तिच्यात चित्रंही आहेत आणि टिपाही.

जपायचं ते मुलांसाठीच्या संक्षिप्त प्रतींपासून. त्यांत गुलामांची प्रकरणं आणि शेवटची लढाई हमखास छाटलेली असते. घेण्याआधी अनुक्रमणिका बघा: ४४ प्रकरणं हवीत, शेवटचं हँकचा मदतनीस क्लॅरेन्सने लिहिलेलं, त्यानंतर 'एम. टी.' या सहीचा ताजा कलम. इंग्लंडमध्ये हीच कादंबरी 'अ यँकी अ‍ॅट द कोर्ट ऑफ किंग आर्थर' नावाने निघाली. ते वेगळं पुस्तक समजून दोन्ही विकत घेऊ नका.

उभाआडवा:
सँडीचं पाल्हाळ गाळू नका, मोठ्याने वाचा. एकाने सँडी व्हायचं, दुसऱ्याने हँक. १५व्या प्रकरणात ती शूरांच्या लढायांचं दळण दळत राहते आणि हा मध्येच तिला शब्द तेच तेच येतात म्हणून सुनावतो. गंमत त्या अडवणुकीत आहे, मनात वाचून ती हाती लागत नाही. हे उतारे बरेचसे थॉमस मॅलरीच्या पंधराव्या शतकातल्या 'ल मॉर्त द'आर्थर'मधून जसेच्या तसे उचललेले आहेत. ते पुस्तक ट्वेनच्या हाती १८८४च्या व्याख्यान दौऱ्यात आलं, सहवक्ता जॉर्ज वॉशिंग्टन केबलमुळे.

बैठका अशा पाडा: १ ते १०, ११ ते २६, २७ ते ३८ आणि ३९पासून शेवट. तिसरी सगळ्यात जड. राजा आणि हँक वेष पालटून हिंडतात, देवीच्या रोगाने उजाड झालेल्या झोपडीत शिरतात, पुढे स्वतःच गुलाम म्हणून विकले जातात. लोक कंटाळतात ते ३३व्या प्रकरणाला, कारण तिथे मजुरी आणि किमतींचा हिशेब आहे. लोहार डाउली म्हणतो, आमच्याकडे मजुरी दुप्पट. हँक म्हणतो, पण किमती दुपटीहून जास्त, मग हातात उरलं काय? तो वाद जिंकतो आणि तरी एकालाही पटवू शकत नाही. हा वाद त्या काळच्या अमेरिकेतल्या आयातकराच्या भांडणाचा आहे, एवढं आधी सांगून ठेवलंत तर प्रकरण चटकन उलगडतं.

तारजोड:
तोल गेलेला नाही, शेवट पहिल्या पानांपासून पेरलेला आहे. हँक मॉर्गन हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यातला वरिष्ठ माणूस. बंदुका, पिस्तुलं, तोफा, बॉयलर, सगळं बनवणारा. एका कामगाराने डोक्यात पहार घातली आणि तो सन ५२८मध्ये जागा झाला. म्हणजे आर्थरच्या राज्यात शस्त्रांचा कारखानाच येऊन पडला! १०व्या प्रकरणात तो आपल्या छुप्या शाळा-कारखान्यांना शांत दिसणाऱ्या ज्वालामुखीची उपमा देतो. तिथे थांबून चर्चा करा.

शेवटच्या लढाईत हँक आणि त्याची मूठभर माणसं एका गुहेतून सरदारांच्या फौजेशी लढतात. तिची मांडणी तर कारखान्याच्या नोंदवहीसारखी वाचता येते. गुहेसमोर शंभर यार्ड व्यासाचं रिंगण, दर दहा फुटांवर एक अशी विजेच्या तारांची १२ कुंपणं, आत १३ गॅटलिंग तोफा, म्हणजे झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या बंदुका. क्लॅरेन्सने तारांची गुहेत परत आलेली टोकंही जमिनीला जोडलेली असतात. हँक ती सोडायला लावतो, नाहीतर डायनॅमोचा, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राचा, प्रवाह सतत वाहून फुकट जाणार. अर्थिंग एकच, ऋण बाजूचं. घोडा तारेला टेकला की त्याच्या अंगातून मंडल पुरं होतं, तोवर खर्च शून्य. कत्तलीत काटकसर कशी करावी हे तो अगदी उत्साहाने समजावतो, आणि माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात काळा विनोद हाच आहे. मग ५४ जण २५,००० माणसं मारतात आणि त्याच प्रेतांच्या विषारी हवेने आजारी पडून आत अडकतात.

शेवटाचं खापर ट्वेनच्या दिवाळखोरीवर फोडतात, पण सनावळी जुळत नाही. पुस्तक १८८९चं, त्याची प्रकाशनसंस्था बुडाली १८९४मध्ये. ट्वेनने पैसा ओतलेल्या, जेम्स पेजच्या छपाईचे खिळे जुळवणाऱ्या यंत्राचा संबंध मात्र खरा. सुमारे १८,००० सुटे भाग, सतत काहीतरी बिघडणार, दुरुस्तीतच वर्षं गेली आणि तोवर लायनोटाइप या प्रतिस्पर्धी यंत्राने बाजार मारला. ट्वेनचे जवळपास तीन लाख डॉलर गेले. लिहिताना मात्र त्याचा त्या यंत्रावर पूर्ण भरवसा होता, आणि ते त्याने पहिल्यांदा पाहिलं ते कोल्टच्याच कारखान्यात. पुढे कर्ज फेडायला तो जगभर व्याख्यानं देत फिरला. त्याच फेरीत जानेवारी १८९६मध्ये मुंबईला वॉटसन हॉटेलात उतरला होता.

पानखूण:
मोठी मदत झाली. एक राहिलं, हँक ज्याच्या जोरावर सुरुवातीला मरणातून सुटतो ते सूर्यग्रहण खरंच झालं होतं का?

उभाआडवा:
नाही. २१ जून ५२८ ही तारीख ट्वेनने कथेच्या सोयीने घेतली आहे. पण कथेतही बेत जवळपास फसतोच. हँकला चितेवर उभं करतात तेव्हा त्याच्या हिशेबाने ग्रहणाला एक दिवस बाकी असतो. क्लॅरेन्सने तारीख चुकीची सांगितलेली असते, आणि त्या चुकीमुळेच तो वाचतो.

कालप्रवासाचा धागा पकडायचा तर वॉरिक किल्ल्यातलं सुरुवातीचं निवेदन सोडू नका. सर सॅग्रॅमोरच्या चिलखताला छातीवर एक गोल भोक आहे, वाटाड्या ते सतराव्या शतकातल्या क्रॉमवेलच्या सैनिकांवर ढकलतो. गोळी कोणी झाडली ते ३९व्या प्रकरणात कळतं.