तटस्थ, अयुद्धमान, सहयुद्धमान: मुसोलिनीच्या इटलीला काय म्हणायचं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धावरचा मजकूर मराठीत करते आहे. सप्टेंबर १९३९ मधल्या इटलीच्या भूमिकेला इटालियनमध्ये 'नॉन बेलिजेरान्झा' म्हटलंय. सरळ 'तटस्थता' लिहिलं तर चालेल का? लढाईत नाही म्हणजे तटस्थच ना?

प्रतिसाद: नाही चालणार. मुसोलिनीने नेमका तोच शब्द टाळला होता. २२ मे १९३९ रोजी जर्मनीबरोबर पोलादी करार झाला. एक देश युद्धात पडला की दुसऱ्याने सर्व बळानिशी मदतीला धावायचं, असं त्यात साफ लिहिलेलं. युद्ध कोणी सुरू केलं याची अटसुद्धा नाही! आणि तीन-सव्वातीन महिन्यांत हिटलर पोलंडवर निघाला. इटलीची तयारी शून्य. मग २६ ऑगस्टला रोमहून बर्लिनला मागण्यांची यादी गेली: ६० लाख टन कोळसा, २० लाख टन पोलाद, ७० लाख टन खनिज तेल, शिवाय बरंच काही. हे द्या, मग येतो. परराष्ट्रमंत्री चानोने डायरीत लिहिलंय की बैलाला वाचता आलं असतं, तर ही यादी वाचून तोही मेला असता. 'हो' म्हणून नाही म्हणायची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही.

आता 'तटस्थ' का नको? १९१४ साली इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात असूनही तटस्थ राहिली आणि पुढच्या वर्षी उलट बाजूने लढली. दगाबाज हा शिक्का तेव्हापासूनचा. खुद्द मुसोलिनीला १९१४ मध्ये समाजवादी पक्षातून काढलं ते तटस्थतेला विरोध करून युद्धात उतरा म्हणाला म्हणून. त्याच माणसाने १९३९ मध्ये 'आम्ही तटस्थ' कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय तटस्थ देशावर दोन्ही बाजूंना सारखं वागवायचं कायदेशीर बंधन येतं. इटलीला जर्मनीची मित्र तर राहायचं होतं. मी 'अयुद्धमान' लिहीन.

प्रतिसाद: स्पेनचं उदाहरण जोडा. तिथला हुकूमशहा फ्रँकोने जून १९४० मध्ये तटस्थता सोडून हाच शब्द उचलला. इटलीने युद्ध टाळायला वापरला, स्पेनने युद्धाकडे एक पाऊल सरकायला. म्हणून तिथेही 'तटस्थ' लिहिलं तर बदल झाला हेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद: 'अयुद्धमान' जड आहे हो. पहिल्यांदा येईल तिथे 'जर्मनीची मित्र, पण युद्धाबाहेर' असं फोडून लिहा, पुढे खुशाल वापरा. तसाही हा मामला नऊ महिन्यांचा. १० जून १९४० ला फ्रान्स पडतोय असं दिसताच स्वारी युद्धात उतरली.

प्रश्नकर्ती: पटलं. मग १९४३ नंतर काय? इटलीने बाजू बदलली म्हणजे 'दोस्त राष्ट्र' झाली?

प्रतिसाद: नाही, तिथेही मधलीच पायरी. ३ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, ८ ला जाहीर झाली, १३ ऑक्टोबरला इटलीच्या राजाच्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दोस्तांनी तिला 'सहयुद्धमान' म्हटलं, म्हणजे त्याच शत्रूशी सोबत लढणारी. मित्र म्हणायला ते तयार नव्हते. उत्तरेत मुसोलिनीचं वेगळं सरकार जर्मनांच्या आधाराने चालूच होतं.

आपल्याकडे हा घोळ हमखास दिसतो. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लोक बिनदिक्कत लिहितात 'इटलीविरुद्ध लढताना'. लढाई इटलीत होती, पण जर्मनांशी. त्यांच्याच पलटणीने, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने, मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला झुंज घेतली ती मात्र खरोखर इटालियन फौजेशी. एकच पलटण, तीन वर्षांत शत्रू बदललेला.

प्रतिसाद: शस्त्रसंधीला 'युद्धबंदी' तेवढं लिहू नका. 'इटालियन युद्धबंदीनंतर' असं वाचलं की मला आधी कैदीच आठवतात, आणि उत्तर आफ्रिकेत ते इतके पकडले गेले होते की वाचकाचाही तोच समज होईल. 'शरणागती' म्हणायचं की नाही यावर वेगळा धागा काढा, इथे वाद नको.