पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, घाबरू नका

ताई, सिझरनंतर दुसऱ्याच दिवशी "दूधच नाहीये" म्हणून पावडरचं दूध सुरू केलं आणि आता बाळ अंगावर पीतच नाही हे वाचून फार वाईट वाटलं, कारण हे तुम्हाला आधीच कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीकच येतो, तोही थोडाच, पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो. दूध नंतर उतरतं, सिझर असेल तर कधीकधी अजून उशिरा. नऊ महिने सोनोग्राफी, शुगर, लोहाच्या गोळ्या सगळं बोलतात पण पाजायचं कसं यावर कोणी दहा मिनिटं देत नाही, हे मला खरंच पटत नाही!

माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात नर्सने बाहुली घेऊन दाखवलेलं, बाळाचं पोट आईच्या पोटाला, तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखलं तर करंगळी घालून सोडवायचं, परत लावायचं. म्हणून घरातले "डबा आणा" म्हणाले तरी ती डगमगली नाही.

तुम्ही आताही बाळाला उघड्या छातीशी घेऊन रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी लावत राहा, काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. पावडर मात्र एकदम बंद करू नका, वजन आणि शू किती वेळा होते ते बघून डॉक्टरांना विचारूनच कमी करा.