प्रति: आल्म्सहाऊस म्हणजे नुसती घरांची रांग?

वर एकांनी लिहिलंय की इंग्लंडमधली जुनी आल्म्सहाऊस (गरीब, म्हाताऱ्या माणसांना राहायला दानातून बांधलेली घरं) म्हणजे अंगणाभोवती एकसारख्या घरांची रांग, बास. नंतरच्या बऱ्याच ठिकाणी ते खरंय, पण दक्षिण इंग्लंडमधल्या चिचेस्टरचं सेंट मेरीज हॉस्पिटल (नाव हॉस्पिटल असलं तरी हेही आल्म्सहाऊसच) बघाच, तिथे प्रकारच वेगळा आहे. १३व्या शतकाच्या शेवटी बांधलेला एकच मोठा हॉल, जाडजूड लाकडी खांबांवर तोललेलं अवाढव्य छप्पर आणि ते दोन्ही बाजूंना पार खाली उतरत आलेलं, पूर्वेच्या टोकाला चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनाघर, मधे फक्त कोरीव लाकडी जाळी. म्हणजे म्हातारी-आजारी माणसं खाटेवर पडल्यापडल्या प्रार्थना ऐकू शकायची, उठून कुठे जायला नको, मला तर हा विचारच फार आवडतो.

आणि खरी गंमत पुढे आहे, १७व्या शतकात हे छप्पर न पाडता हॉलच्या आतच दोन्ही बाजूंना छोटी छोटी घरं बांधली, प्रत्येकाला आपलं दार, आपली शेकोटी, आणि विटांची धुराडी सरळ जुन्या छपरातून वर काढली. बाहेरून चर्च वाटावं अशा इमारतीवर ही धुराडी बघून आधी कळतच नाही काय चाललंय!! आत आजही लोक राहतात.

विंचेस्टरच्या सेंट क्रॉस या आल्म्सहाऊसला मात्र १५व्या शतकातच तिथले बिशप कार्डिनल बोफर्ट यांच्या वेळी वेगळ्या खोल्या आल्या, तिथलीही उंच धुराड्यांची ओळ बघण्यासारखी आहे. जुनं आल्म्सहाऊस बघताना मी तरी आधी धुराडीच बघतो, कोणाला स्वतःची शेकोटी मिळाली ते तिथेच दिसतं.