डायब्लो २: हेलमध्ये सॉर्सरेस का टिकत नाही?

प्रश्न: डायब्लो २ या व्हिडिओ गेमच्या लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन या विस्तारात ब्लिझार्ड सॉर्सरेस (बर्फाच्या वादळाने लढणारी जादूगारीण) नाइटमेअर या मधल्या पातळीपर्यंत मस्त चालते. हेल या सर्वात अवघड पातळीत मात्र विजेच्या एका फटक्यात आडवी! काय चुकतंय?

उत्तर १: रेझिस्टन्स बघ, म्हणजे आग, वीज, थंडी, विष यांचा मार किती टक्के अडतो ते. हेलमध्ये प्रत्येकातून १०० वजा होतात, कमाल मर्यादा ७५. पाचव्या अंकात कैदी सैनिक सोडवले की ताल, राल, ऑर्ट हे रून (जादूचे दगड) मिळतात. नेमक्या तीन सॉकेटच्या (रून बसवायच्या खाचांच्या) साध्या ढालीत राल-ऑर्ट-ताल याच क्रमाने बसव. क्रम चुकला किंवा ढाल निळी (जादुई) असली, तर रूनवर्ड, म्हणजे रेझिस्टन्स वाढवणारा हा रूनचा संच, बनत नाही.

उत्तर २: पाचव्या अंकात कैदेतल्या अन्याला सोडवल्यावर गावातली मालाह देते तो स्क्रोलही (जादूचा कागद) वाच, सगळे रेझिस्टन्स +१०. कोल्ड इम्यून (थंडीचा मार न लागणाऱ्या) राक्षसांसाठी फायरबॉल हा आगीचा मंत्र ठेवच. स्टॅटिक फील्ड हा विजेचा मंत्र हेलमध्ये राक्षसांचा जीव निम्म्याखाली उतरवत नाही. या जुळवाजुळवीसाठीच २००० सालचा हा गेम अजून खेळावासा वाटतो.