प्रति: समुद्रघोड्यांच्या टाकीत शेवाळ कोणतं, आणि टिकवायचं कसं?

कॉलर्पा (वेलीसारखं पसरणारं हिरवं समुद्री शेवाळ) लावा असं वर सुचवलंय, त्याला माझा थोडा विरोध. दिसतं झकास, वाढतंही भराभर, पण एखाद्या सकाळी अख्खा वेल पांढराफटक पडतो, आतला सगळा ऐवज पाण्यात सोडतो आणि ऑक्सिजन खाली येतो. छाटणी नियमित जमणार असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मी लाल ग्रॅसिलारिया ठेवते. फांद्या चिवट, शेपटीच्या वेटोळ्यात नीट मावतात. माझी इरेक्टस जातीच्या समुद्रघोड्यांची जोडी इथे अमेरिकेत टाकीतच पैदास झालेली. (भारतात समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तिथल्यांनी आधी ते बघा.)

दगडाच्या फटीत नुसतं खोचलेलं शेवाळ टिकत नाही. नर शेपूट गुंडाळतो, ओढतो, आणि तासाभरात झुपका पंपाच्या जाळीवर! झुपक्याचा बुडखा टिश्यूने टिपून जेलवाल्या सुपरग्लूच्या थेंबावर बसवा, खाली मुठीत मावेल एवढा खडबडीत दगड. चिकटलेला भाग मरतो, वरचा वाढतो. नायलॉनचा दोरा बांधलात तर मोकळी टोकं अगदी जवळून कापा, शेपूट अडकते.

नवीन शेवाळ थेट टाकीत नको. आधी बादलीत खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या. माझ्याकडे एकदा त्यातूनच हायड्रॉइड (डंख करणारे चिमुकले जीव) आले होते.