बसतात मागे, बॅग ठेवतात पुढे: विमानातला वरचा कप्पा कोणाचा?

वाढोण्याची लेक (तालुका आर्वी, सध्या पुणे)

परवा आपल्याकडच्याच एका गृहस्थांनी लिहिले की, नागपूरहून सुटणाऱ्या विमानांत आता गावाकडची माणसे पोती आणि पिशव्या घेऊन चढतात, वरचे कप्पे त्यांनीच भरून जातात आणि नेहमी प्रवास करणाऱ्यांना बॅग ठेवायला जागा उरत नाही. अशा लोकांनी सगळे सामान विमानाच्या पोटातल्या कोठारासाठी खाली काउंटरवरच देऊन यावे. ते वाचून मला गप्प बसवले नाही, कारण तशीच एक पिशवी घेऊन माझे वडील मार्च महिन्यात माझ्यासोबत पुण्याला आले होते.

वडील ७१ वर्षांचे आहेत. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे पाय पूर्ण दुमडत नाही, म्हणून मी जास्तीचे पैसे भरून आम्हा दोघांसाठी पहिल्या रांगेतल्या जागा घेतल्या. त्यांच्याजवळ एकच पिशवी होती. खताच्या दुकानातून मिळालेली नायलॉनची, कान सुतळीने बांधलेले. आत औषधे, चष्मा, दोन धोतरे, एक्स-रेचे पाकीट आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या. काउंटरवर तिचे वजन साडेचार किलो भरले. पहिल्या रांगेच्या पुढे आसन नसते, त्यामुळे पायाशी काही ठेवू देत नाहीत. सामान वरच जावे लागते. आम्ही आत शिरलो तेव्हा पहिल्या दोन रांगांत फक्त तीन माणसे बसलेली होती आणि वरचे कप्पे मात्र ट्रॉली बॅगांनी भरलेले होते. वडील म्हणाले, "राहू दे माय, मांडीवर घेतो मी." उड्डाणाच्या वेळी तेही चालत नाही. शेवटी त्यांची पिशवी सतराव्या रांगेच्या वर गेली.

पुण्याला उतरताना मागून एकेक माणूस चालत आला, आमच्या डोक्यावरचा कप्पा उघडून त्याने आपली ट्रॉली काढली आणि तो दाराबाहेर पडला. वडील मात्र विमान रिकामे होईपर्यंत आसनाची पाठ धरून उभे राहिले, कारण त्या गर्दीच्या उलट दिशेने सतराव्या रांगेपर्यंत जाणे त्यांना शक्यच नव्हते. आता मला सांगा, त्या विमानात जागा कोणी अडवली होती?

पुसदचा प्रवासी

ताई, तुमच्या वडिलांना त्रास झाला याचे मला वाईट वाटते, पण एका पिशवीवरून सगळ्यांना निर्दोष ठरवू नका. मी विक्रीच्या कामानिमित्त महिन्यातून चार वेळा विमानाने जातो. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे एका माणसाला ७ किलोची एकच बॅग आत नेता येते आणि १५ किलो सामान खाली देण्याची सोय तिकिटातच असते. तरीही चौघांचे कुटुंब चढते तेव्हा चार ट्रॉली, चार सॅक, संत्रा बर्फीचे खोके आणि विमानतळावरच्या दुकानातल्या दोन पिशव्या असा संसार मी स्वतः मोजलेला आहे. अमेरिकेत २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने खाली दिलेल्या पहिल्याच बॅगेवर १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्या कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला आणि तिथले लोक पैसे वाचवण्यासाठी सगळे आत कोंबू लागले. आपल्याकडे तर १५ किलोचे पैसे वेगळे द्यावे लागत नाहीत. मग आपल्या माणसांनी सामान खाली का देऊ नये?

आणि पुढच्या कप्प्यात बॅग ठेवणाऱ्यांबद्दल म्हणाल, तर मी स्वतः चोविसाव्या रांगेत बसतो आणि माझी बॅग तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेवर ठेवतो, हे मी लपवत नाही. उतरताना जाता जाता ती घेता येते. विमान नागपूरला रात्री उतरते आणि गणेशपेठच्या एसटी स्थानकावरून आमच्याकडची शेवटची गाडी माझ्यासाठी थांबत नाही.

वाढोण्याची लेक

म्हणजे आमच्या डोक्यावरच्या ज्या ट्रॉलींबद्दल मी लिहिले, त्यांतली एक तुमचीही असू शकली असती. तुमची गाडी चुकू नये म्हणून ७१ वर्षांच्या माणसाने उभे राहावे, हा कोणता न्याय आहे? आणि ज्यांना तुम्ही "आपली माणसे" म्हणता, त्यांच्या सामानाला तुम्हीच "संसार" म्हणून हिणवता, हे मला जास्त लागले.

निवृत्त वाहक, दारव्हा

मी तीस वर्षांहून अधिक काळ एसटीत वाहक होतो, म्हणून या भांडणात मला नवे काहीच दिसत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचा कप्पा धरणारा यांची वृत्ती एकच आहे. फरक इतकाच की एसटीत वाहक उठून विचारत असे, "हे गाठोडे कोणाचे?" ज्याचे असेल त्याला हात वर करावा लागे, आणि त्याची जागा मागे असेल तर गाठोडेही मागे जाई. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या, कोंबड्या आणि सायकली यांची सोय लावूनच गाडी सोडावी लागे. पण म्हाताऱ्या माणसाचे गाठोडे त्याच्या नजरेसमोरच राहील, एवढे आम्ही बघत होतो. विमानातल्या मुलींनी हे का विचारू नये, हा माझा प्रश्न आहे.

केबिनमधली चार वर्षे (मूळ गाव गोंदिया जिल्ह्यात)

काका, विचारले जाते. पण विमान वेळेवर सुटण्याचे दडपण असते आणि हात कोणी वर करत नाही. मी चार वर्षे हे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एअरबसच्या ए३२० विमानात १८० किंवा १८६ जागा असतात. प्रत्येकाने नियमाप्रमाणे एकच ट्रॉली आणली तरी जुन्या घडणीच्या कप्प्यांत त्या सगळ्या मावत नाहीत. एअरबसच्या जुन्या कप्प्यात पाच बॅगा बसत होत्या, तिथे नव्या मोठ्या कप्प्यात उभ्या ठेवून आठ बसतात. बोइंगच्या ७३७ मध्ये हाच हिशेब चारावरून सहावर गेला आहे. पण तुमच्या वाट्याला कोणते विमान येईल हे तिकीट काढताना कळत नाही, आणि नव्या कप्प्यातही कोणी बॅग आडवी टाकली की दोघांची जागा जाते. शिवाय काही कप्पे अग्निशामक, प्राणवायूचे नळकांडे अशा साहित्यासाठी राखलेले असतात आणि ते बहुधा पुढे किंवा अगदी मागे असतात, त्यामुळे पहिल्या रांगेला मुळातच कमी जागा मिळते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, तिथल्या पंख्याच्या लहान एटीआर विमानाचे कप्पे तर याहून लहान आहेत. त्यांत टणक ट्रॉलीपेक्षा ताईंच्या वडिलांची मऊ पिशवीच चांगली बसेल. रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलोची असते, हेही कोणी मोजत नाही.

पुसदच्या दादांनी सांगितलेली सवय मात्र मला मान्य नाही. पुढचे कप्पे मागच्या माणसांनी भरले की पुढच्यांचे सामान मागे जाते, उतरताना ती माणसे गर्दीच्या उलट चालू लागतात आणि सगळ्यांचाच वेळ जातो. तुम्ही वाचवलेली दोन मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी दहा मिनिटांतून येतात.

हिंगणघाटची सून

खाली सामान द्या म्हणणे सोपे आहे. माझ्या नणंदेच्या लग्नाला जाताना मी बॅग खाली दिली. उतरल्यावर सामानाच्या फिरत्या बेल्टवर ती आली तेव्हा चेनमधून तेल गळत होते. सासूबाईंनी दिलेली कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी आत फुटली होती आणि मोहरीचा खार पैठणीच्या पदरात उतरला होता. पदर उचलला तर त्यात काचेचा एवढासा तुकडा अडकलेला. तक्रारीच्या टेबलावर मला सांगण्यात आले की, फुटणाऱ्या वस्तूची जबाबदारी कंपनी घेत नाही. त्या दिवसापासून मी काहीही झाले तरी बॅग हातातच ठेवते.

पुसदचा प्रवासी

हेच तर मी म्हणतो आहे. बॅग खाली देणे म्हणजे तिच्यावर पाणी सोडण्यासारखे आहे. बेल्टपाशी अर्धा तास उभे राहायचे, मग ती ओली किंवा चाक तुटलेली हातात घ्यायची, आणि तोवर गाडी निघून गेलेली असते.

निवृत्त वाहक, दारव्हा

काचेची बरणी बॅगेत घालून वर कंपनीला दोष देणे मला पटत नाही. आमच्या घरी लोणचे पाठवायचे असेल तर ते प्लास्टिकच्या डब्यात भरतात, झाकणाखाली पिशवीचा तुकडा दाबतात आणि डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवतात.

हिंगणघाटची सून

काका, लोणचे कसे बांधायचे हे मला शिकवू नका. सासूबाईंच्या हातची चिनी मातीची मोठी बरणी घरी ठेवून मी मुद्दाम लहान काचेची घेतली होती, तीन टॉवेलांत गुंडाळली होती. सामान भिरकावणाऱ्याला कोणी काही विचारत नाही आणि बांधणाऱ्या बाईची मात्र लगेच परीक्षा घेतली जाते.

समुद्रपूरचा शेतकरी

मुलीकडे बंगळुरूला जाताना मी वायगावची हळद आणि घरचे तिखट नेतो. तिखट आत नेऊ देत नाहीत, ते खालीच द्यावे लागते, आणि आजवर माझी एकही पुडी फुटलेली नाही. त्यामुळे खाली दिलेले सगळेच फुटते, असे म्हणता येणार नाही. पण बेल्टवरचा उशीर खरा आहे. गावाकडच्या माणसाला विमानतळापासून पुढे आणखी तीन-चार तासांचा प्रवास असतो, त्यामुळे त्याला तो उशीर शहरातल्या माणसापेक्षा फार महाग पडतो.

पुसदचा प्रवासी

एवढे तरी कोणी मान्य केले.

वाढोण्याची लेक

लोणच्यावरून आणि बेल्टवरून एवढी चर्चा झाली, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. शेवटची गाडी मलाही ठाऊक आहे. कॉलेजात असताना मी गणेशपेठच्या बाकावर रात्र काढलेली आहे. तुमची अडचण खरी आहे. ती तुम्ही माझ्या वडिलांच्या डोक्यावर का ठेवता, एवढेच मी विचारते आहे. तुमच्या स्वतःच्या रांगेवर बॅग ठेवली तर तुम्हाला फार तर पाच मिनिटे उशीर होईल.

केबिनमधली चार वर्षे

दोन गोष्टी राहून गेल्या. पहिली, ऐनवेळी दारापाशी बॅग खाली पाठवायला काढून घेतली तर आतली पॉवर बँक आधी काढून जवळ ठेवा. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ती आम्हाला विझवता येते, खालच्या कोठारात तिथे कोणी नसते.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगते. विमानाला मान्यता देताना निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढता येते हे दाखवावे लागते, आणि त्या चाचणीत कोणी कप्प्यातून ट्रॉली काढत नसते. दुबईला ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर आदळून पेटले, तेव्हा आत धूर असताना लोक कप्पे उघडून बॅगा काढत होते, हे चित्रफितीत जगाने पाहिले. आतले ३०० जण वाचले, पण आग विझवताना एका जवानाचा जीव गेला. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी जपान एअरलाइन्सचे विमान पेटले, तेव्हा ३७९ माणसे सामान जागेवर सोडून बाहेर पडली आणि सगळी वाचली. ज्याची बॅग वीस रांगा पुढे आहे तो अशा वेळी वाटेत थांबणार नाही, याची खात्री मला कोणीही देऊ शकत नाही. म्हणून औषधे आणि कागदपत्रे बॅगेत नकोत, अंगावरच्या लहान पिशवीत हवीत. ताई, हे तुमच्या वडिलांनाही लागू आहे. आणि रागावू नका, पण तुमची स्वतःची सॅक त्या दिवशी कुठे होती?

वाढोण्याची लेक

वरच होती. आम्ही चढलो तेव्हा आमच्या कप्प्याच्या कोपऱ्यात थोडी जागा शिल्लक होती, तिथे मी आधी सॅक सरकवली आणि मग वडिलांच्या पिशवीसाठी जागा शोधू लागले. माझ्या सॅकेत लॅपटॉप होता. ती सतराव्या रांगेवर पाठवून पिशवी तिथे ठेवता आली असती. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तसे घडले.

पुसदचा प्रवासी

ताईंनी स्वतःचे सांगितले, म्हणून मीही सांगतो. पुढच्या वेळी बॅग विसाव्या रांगेच्या पुढे ठेवणार नाही. खाली मात्र देणार नाही, आणि पिशव्यांबद्दलचे माझे मतही बदललेले नाही. पहिल्या रांगेत पायाशी काहीच ठेवता येत नाही, याचा मी इतकी वर्षे विचारच केला नव्हता.

निवृत्त वाहक, दारव्हा

वडिलांना सगळ्यांच्या आधी चढवता येत नाही का? आम्ही अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना आधी घेत होतो.

वाढोण्याची लेक

मदत मागितली की चाकांची खुर्ची आणतात आणि वडील तिच्यात बसत नाहीत. अजूनही रोज सकाळी पऱ्हाटीत चक्कर मारणारा माणूस आहे तो. आज फोनवर विचारले, तर म्हणाले, "पिशवी डोक्यावर राहत असेल तर पहिला चढीन, पण खुर्चीत बसून नाही."

केबिनमधली चार वर्षे

खुर्ची घ्यायलाच हवी असे नाही. काउंटरवर सांगा की गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, चालता येते, पण आधी चढायचे आहे. मग दारापाशी घोषणा होण्यापूर्वी तिथल्या माणसाला तेच पुन्हा सांगा, कारण काउंटरवरचा निरोप दरवाजापर्यंत पोहोचेलच असे नसते. आत गेल्यावर पिशवी कप्प्याच्या खिडकीकडच्या बाजूला आत सरकवू नका. कडेला, हात पुरेल अशी ठेवा आणि सुतळीचे कान बाहेरच्या बाजूला येऊ द्या.